ताण कुणाला द्यायचा?



आजचं वाचन भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 14वा श्लोक. भगवान अर्जुनाला सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख हे सगळे इंद्रियांच्या स्पर्शातून येणारे अनुभव आहेत. ते येतात आणि जातात, कायमचं काहीच राहत नाही, म्हणून ते सोसायला शीक. या सोसण्यासाठी गीतेत जो शब्द आहे, त्यावरूनच आपला 'तितिक्षा' हा शब्द लक्षात ठेवायचा. तक्रारीचा पाढा न वाचता, आतून न कोसळता सोसणं म्हणजे तितिक्षा.

श्लोक सोपा आहे. स्टेटसला ठेवायला तर फारच सोपा. मीसुद्धा ठेवलाय, दोनतीनदा. पण गेल्या वर्षभरात या एका श्लोकाने मला चांगलंच जमिनीवर आणलं, आणि ते आमच्या दारातल्या डाळिंबाच्या झाडामुळे. आज तीच गोष्ट सांगते.

आमचं घर नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, सावेडीत. मी नोकरीसाठी पुण्यात असते, पंधरा दिवसांनी शिरूरमार्गे घरी जाते. फाटकाच्या आत उजव्या हाताला तुळस आणि तुळशीशेजारी डाळिंब. आजीने लावलेलं. तिला फळाची फार हौस नव्हती, दाराशी लाल फुलं दिसावीत एवढीच इच्छा. त्यामुळे हे झाड आमच्याकडे कायम शोभेचंच. त्याची फुलं देवाला, पानं भाद्रपदात गणपतीच्या पत्रीला. त्या एकवीस पत्रींमध्ये डाळिंबाचं पान असतं, तुम्हाला माहीत असेलच.

पप्पा रिटायर झाले आणि झाडाचे लाड सुरू झाले. रोज संध्याकाळी पाइप धरून पाणी, महिन्याला खत. झाड असं हिरवंगार झालं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. बारा महिने दोनचार फुलं असायचीच. पण फळ धरायचं नाही. फुलं यायची, गळायची. कधीमधी एखादं लिंबाएवढं डाळिंब दिसायचं, तेही काळं पडून खाली.

दिवाळीत मामा आले. त्यांची राहाता तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. आमच्या जिल्ह्यात राहाता, संगमनेर, पारनेर या भागांत डाळिंब भरपूर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला, फुले आरक्ता असे वाण दिले, त्यामुळे आमच्याकडे डाळिंबावर बोलायला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच! मामांनी झाडाभोवती एक चक्कर मारली आणि पप्पांना म्हणाले, "दाजी, लई लाड केले व्हय याचे? ताण दिला का कधी?"

ताण! आपण ऑफिसात, हॉस्टेलवर, घरात दिवसातून दहा वेळा वापरतो तोच शब्द. डाळिंबवाल्यांच्या भाषेत मात्र ताण 'येत' नाही, तो 'देतात'. मामांनी समजावून सांगितलं. आपल्या हवेत डाळिंब वर्षभर थोडं थोडं फुलत राहतं, त्याला स्वतःहून थांबायचं कळत नाही. मग शेतकरी ठरवतो की बहार कोणता धरायचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं हवी असतील तर आंबिया बहार, जून-जुलैत मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. त्या आधी महिना-दीड महिना पाणी बंद करायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठत जातं. मग छाटणी, खत आणि पुन्हा पाणी. या पुन्हा पाणी देण्याला म्हणतात 'ताण तोडणे'. ताण तुटला की साठलेली सगळी ताकद एकदम कळीत येते.

मी ऐकत होते आणि मनात ब्लॉगची पोस्ट तयार होत होती. तुम्हीच सांगा, याहून सुंदर दृष्टांत कुठे मिळणार?

आता दुसरी गोष्ट. माझा धाकटा भाऊ पुण्यातच, पेठेत एका खोलीवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. तीन वर्षं. दिवाळी झाली आणि निकाल लागला. यादीत नाव नव्हतं. तिसऱ्यांदा.

त्या दिवशी मी काय केलं? त्याला गीतेचा 2.47 पाठवला. कर्मावर अधिकार, फळावर नाही, तोच. सोबत हात जोडल्याचा इमोजी. दुसऱ्या दिवशी आजचा श्लोक, 2.14. तिसऱ्या दिवशी एक प्रवचनाची रील. निळ्या टिका दिसत होत्या, उत्तर नव्हतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं:

"ताई, श्लोक नको पाठवूस. जेवलास का ते विचार."

खरं सांगते, मला राग आला. एवढं चांगलं पाठवतेय आणि याला किंमत नाही! मी त्याला जेवण विचारलं नाही, चार दिवस बोललेच नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं.

मार्गशीर्षात पप्पांनी झाडाचं पाणी बंद केलं. पहिले आठ दिवस काही फरक नाही. मग खालची पानं पिवळी झाली. पौषात तर झाड निव्वळ काटक्यांचा भारा. अंगणात पानांचा सडा, आई रोज झाडताना पुटपुटायची, "चांगलं झाड होतं, वाटोळं केलं." पप्पांचा हात सारखा पाइपकडे जायचा. प्रेम करणाऱ्याला हात आवरणं किती अवघड असतं, ते तेव्हा बघितलं.

त्याच दिवसांत भाऊ घरी आला. सामान घेऊन नाही, नुसता आला. खोलीत पडून राहायचा. दिवसभर झोप आणि रात्री टक्क जागा. ताटात दोन घास. आईने हाक मारली तर "हो" म्हणायचा आणि उठायचा नाही. आम्हाला वाटलं, निराश आहे, होईल ठीक. मी शनिवार-रविवार जोडून घरी गेले होते. त्या रात्री मी ती पोस्ट लिहून काढली. शीर्षक: 'देव ताण देतो, कारण बहार यायचा असतो'. एकदम झकास झाली होती. मी ती भावाच्या उशाशी बसून वाचून दाखवली. म्हटलं, त्याला उभारी येईल.

त्याने पूर्ण ऐकली. मग छताकडे बघत एवढंच म्हणाला, "ताई, मामांना एक विचार. आजारी झाडालाही ताण देतात का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. सकाळी उठून पहिला फोन मामांना केला. मामा म्हणाले, "न्हाई गं बाई. आजारी झाडाला ताण दिला तर ते वाळूनच जाईल. रोग असला, मुळी कमजोर असली, तर आधी झाड सावरायचं. औषध-पाणी करायचं. बहाराचं पुढच्या साली बघू. दोन वर्षांच्या आतल्या लहान रोपालाही ताण न्हाई. आन् जमीन बघायची. मुरमाड हलकी असली तर ताण थोडा, काळी भारी असली तर जास्त. सगळ्यांना एक माप लावलं की बाग गेली समज."

फोन ठेवला आणि ती पोस्ट डिलीट केली.

मंडळी, इथे थोडं थांबू. आपण श्रद्धावान माणसं दुसऱ्याच्या दुःखावर फार पटकन अर्थ लावतो. 'देव परीक्षा घेतोय.' 'यातून काहीतरी चांगलंच होणार.' बोलणाऱ्याला ते बोलून बरं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र असं वाटू शकतं की आपलं दुखणंही आता आपलं राहिलं नाही, त्याचाही कुणीतरी सुविचार केला.

मग गीता चुकीची आहे का? अजिबात नाही. मी ती वाचली चुकीची. त्या सकाळी मी आजीची जुनी पोथी काढली आणि 2.14 च्या आधी काय काय घडतं ते क्रमाने बघितलं. तुम्हीही बघा.

पहिल्या अध्यायात 47 श्लोक आहेत. त्यात श्रीकृष्ण बोलतात फक्त एक वाक्य, ते म्हणजे जमलेल्या कौरवांकडे बघ. त्यानंतर अर्जुन बोलतो. अंग कापतंय, तोंड कोरडं पडलंय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही. देव सगळं ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत जरा रागावतात, तरी अर्जुन पुन्हा बोलतो, आणि देव पुन्हा ऐकतात. मग सातव्या श्लोकात अर्जुन स्वतः म्हणतो की मी गोंधळलोय, तुझा शिष्य आहे, मला सांग. त्याने विचारल्यावर अकराव्या श्लोकापासून उपदेश सुरू होतो. आणि मग कुठे येतो आपला चौदावा श्लोक, सोसायला शीक.

म्हणजे आधी ऐकणं, मग त्याने विचारणं, आणि मग सांगणं. मी थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली होती. माझ्या भावाने मला काही विचारलंच नव्हतं. त्याला हवा होता एकच प्रश्न, जेवलास का?

अजून एक गोष्ट. हे सांगणारा कुठे बसलाय? दूर कुठे आसनावर नाही, त्याच रथात, घोड्यांचे लगाम हातात घेऊन, समोरून येणाऱ्या बाणांच्या टप्प्यात. 'सोस' म्हणण्याचा अधिकार त्याला आहे, कारण तो सोबत आहे. आपण दुसऱ्या शहरातून, लोळत लोळत फॉरवर्ड करतो.

आणि मामांचं ते माप? तेही गीतेत आहे. सहाव्या अध्यायात, 16 आणि 17व्या श्लोकांत, भगवान म्हणतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. खाणं, फिरणं, काम, झोप, जागणं सगळं मापात असेल तरच तो योग दुःख हरतो. सतराव्या अध्यायात तर त्याहून कडक शब्द आहेत. शास्त्राला सोडून घोर तप करून जे शरीराला छळतात, ते शरीरात राहणाऱ्या मलाच छळतात, असं भगवान सांगतात. चार तास झोप, एक वेळचं जेवण, खोलीत कोंडून घेणं, याला आपली मुलं 'डेडिकेशन' म्हणतात. आपणही कौतुक करतो. देव त्याला तप म्हणत नाही.

पप्पा त्या आठवड्यात भावाला घेऊन डॉक्टरकडे गेले, मनाच्या डॉक्टरकडे. पप्पांच्या पिढीला ते सोपं नव्हतं. बाहेर खुर्चीवर बसून नामस्मरण करत होते, असं भावाने नंतर हसत सांगितलं. औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं. जप सोडला नाही, आणि औषधही सोडलं नाही. या दोघांत काही भांडण आहे असं मला तरी पोथीत कुठे दिसलं नाही.

संक्रांतीनंतर मामांचा फोन आला, आता ताण तोडा. पहिलं पाणी भावाने दिलं. पप्पा पाइप घेऊन आले तर मामा फोनवरच ओरडले, "एकदम भरपूर न्हाई! पहिलं पाणी हलकं. मग हळूहळू वाढवा. तहानलेल्या झाडाला एकदम लोटलं की कळी गळती." मग भावाने अर्धी बादली घेतली आणि आळ्यात सावकाश ओतली. त्याच्याशी वागायचं कसं, हे आम्हा सगळ्यांना त्या अर्ध्या बादलीने शिकवलं. सल्ल्यांचा लोंढा नको. रोज थोडं. एक चहा, एक चक्कर, गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येणं.

माघात काटक्यांवर तांबूस पालवी फुटली. डाळिंबाची नवी पानं आधी तांब्याच्या रंगाची असतात, मग हिरवी होतात. फाल्गुनात झाड लाल झालं. आजी असती तर फाटकातच बसली असती. पण मग फुलं गळायला लागली आणि आई घाबरली. मामांनी सांगितलं की डाळिंबाला दोन प्रकारची फुलं येतात. बुडाशी फुगीर, सुरईसारखं असतं त्याला फळ धरतं. निमुळतं, घंटेसारखं असतं ते नर फूल, ते गळणारच. दोन्ही एकाच झाडावर. गळणारं फूल म्हणजे झाडाची चूक नाही, ती झाडाची रीतच आहे.

भाऊ ओट्यावर बसून खाली पडलेली फुलं उलटीसुलटी करून बघत होता. म्हणाला, "तीन अटेम्प्ट म्हणजे तीन घंटा." आम्ही दोघं हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो. आणि ती गळलेली फुलंही आईने वेचून देवासमोर ठेवली. फळ न धरलेलं फूल देवाला चालतं, बरं का. आपल्यालाच चालत नाही.

चैत्र-वैशाखात आठ फळं टिकली. नगरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. आईने जुन्या सुती साडीच्या चिंध्या बांधून फळं झाकली. ज्येष्ठात संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी नेहमीप्रमाणे आमच्या शहरातून गेली. आम्ही भाऊ-बहीण दर्शनाला उभे होतो. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानोबा माऊलींचे थोरले भाऊ आणि गुरूही. माझ्या मनात आलं, मोठं भावंड गुरू होतं ते असं, धाकट्याला पुढे बोलू देऊन. आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला, शके 1212 मध्ये म्हणजे 1290 साली माऊलींनी गीतेवरची टीका सांगितली. बोलत होता धाकटा, आणि थोरला शेजारी बसून ऐकत होता. मी मात्र वर्षभर नुसतं सांगत सुटले होते.

त्याच ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळी आणि पाण्याचा दृष्टांत आहे. माळी ज्या वाटेने नेईल तिकडे पाणी मुकाट्याने जातं, तसं आपलं कर्म देवाच्या हाती सोपवून असावं, असा त्याचा भाव. इतके दिवस मी स्वतःला झाड समजत होते किंवा माळी. आता वाटतं, आपण पाणी व्हावं. कुणाच्या आळ्यात किती जायचं ते माळ्याने ठरवावं. आपण माळी झालो की ताण कुणाला द्यायचा ते ठरवायला लागतो, आणि तिथेच चुकतो. आपल्या स्वतःच्या वाट्याला आलेली पानगळ सोसणं ही तितिक्षा. दुसऱ्याच्या पानगळीला 'सोस' म्हणणं सोपं असतं, ती तितिक्षा नव्हे.

आठापैकी दोन फळं पावसाच्या उघडझापीत तडकली. एक पोपटांनी खाल्लं. पाच राहिली. आषाढी एकादशीला पहिलं फळ तोडलं, विठोबापुढे ठेवलं आणि उपवासाला सगळ्यांनी वाटून खाल्लं. दाणे गुलाबी होते, बाजारातल्या 'भगवा'सारखे लालभडक नाहीत. किंचित आंबटही. पप्पा म्हणाले, "साखर!" आई म्हणाली, "काहीही!"

तुम्ही विचाराल, भावाचं पुढे काय झालं? तो ओळखीच्या एका दुकानात सकाळी हिशेब लिहितो. औषधं चालू आहेत. परीक्षा पुन्हा द्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही आणि आम्ही विचारत नाही. गीतेच्या शेवटी, अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर देवसुद्धा अर्जुनाला म्हणतात की आता पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. जिथे देव एवढी मोकळीक देतो, तिथे आपण कोण?

तुमच्यापैकी कुणी हे वाचताना त्या पौषातल्या झाडासारखं उभं असेल, तर तुम्हाला मी आज कुठलाही अर्थ सांगणार नाही. फक्त विचारते, जेवलात का? झोप लागते का? नसेल लागत तर घरातल्या कुणालातरी सांगा, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. मदत मागितली म्हणून श्रद्धा कमी होत नाही. अर्जुनानेही मागितली होती, म्हणून तर गीता झाली.

आजचा छोटासा संकल्प: आज कुणालाही श्लोक पाठवायचा नाही. (हो, ही पोस्टसुद्धा नाही!) त्याऐवजी एकाला फोन करायचा आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं.

पांडुरंगा, माझ्या वाट्याला येईल ते सोसायचं बळ दे. दुसऱ्याला उपदेश करायची घाई माझ्यातून काढून घे. कुणाला किती पाणी लागतं ते तुला ठाऊक आहे. मला फक्त वाहतं ठेव.

राम कृष्ण हरी!